उसवलं तर सांगा

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. धाकटीला सगळे मुकी म्हणत, कारण बोलायचं खातं थोरलीकडे होतं. माप घेता घेता ती गिऱ्हाइकाला इतकं हसवायची की हातातली टेप सरकायची, ब्लाउज सैल व्हायचा, आणि मग त्या सैल ब्लाउजवरही विनोद व्हायचा. धाकटी मशीनवर मान खाली घालून हसायची.

असं हसत-हसवत थोरलीने वर्षभर एक गोष्ट लपवली. पाळी नसतानाही तिच्या अंगावरून जात होतं. दुकानात चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे दवाखाना गाठला. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर, खूप पुढे गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आली असती तर बरंच काही करता आलं असतं.

थोरली गेल्यावर दुकानात नुसती मशीनची खडखड उरली. दारात कुणी आलं की धाकटी अजूनही गप्प बसून राही. पहिलं वाक्य ताईचं असायचं ना.

मग तिने धुऊन वापरायचे सुती पॅड शिवायला घेतले. सोबत एक पिशवी, आणि पिशवीवर रंगीत दोऱ्याने दोन ओळी. तिला स्वतःला विनोद सुचत नसे. ती सुई धरून थांबायची आणि ताई काय म्हणाली असती ते आठवायची. 'महिन्याची पाहुणी. मुक्काम लांबला तर डॉक्टरीणबाईंना कळवा.' 'शिवण उसवली तर माझ्याकडे, अंगावरून जास्त गेलं तर दवाखान्यात. उलटं करू नये.'

पिशव्या दारात टांगल्या तसा शेजारचा भांडीवाला आला. म्हणाला, "असल्या गोष्टी दारात टांगतात का? इथं बायका येतात."

"त्यांच्यासाठीच टांगल्यात, भाऊ. तुम्हाला हवी असेल तर माप द्यावं लागेल."

आतल्या बायका खो खो हसल्या. भांडीवाल्यालाही हसू आवरेना, तो तोंड फिरवून निघून गेला. धाकटी मात्र दचकली होती. आवाज तिचा होता, बोलणं ताईचं.

त्या दिवसापासून माल खपू लागला. कॉलेजच्या मुली गठ्ठ्याने नेऊ लागल्या, दुसऱ्या मशीनवर एक बाई ठेवावी लागली. एका दुपारी भांडीवाल्याची बायको, शेजारची वहिनी, आली. उसवण्याची ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. मग हळूच सांगितलं, की पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आता पुन्हा डाग दिसतोय. घरात बोलायची लाज वाटते.

धाकटीने शटर ओढलं आणि तिला घेऊन थेट दवाखाना गाठला.

दुखणं वेळेत सापडलं. ऑपरेशन झालं, वहिनी सावरल्या. भांडीवाल्याने चार पिशव्या नेऊन आपल्या दुकानात टांगल्या. आधी भिंतीकडे तोंड करून, आठवड्याने सरळ.

वहिनी पुन्हा दुकानात आल्या तेव्हा चार बायका आधीच जमल्या होत्या. धाकटी काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. वहिनींनी विचारलं, "मुकी ना गं तू? हे बोलणं शिकलीस कुठं?"

"ताईकडून. ती सगळं बोलायची. एवढं एक सोडून."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग कुणीतरी दुसरी पिशवी वाचली आणि पुन्हा हशा पिकला. धाकटीही हसली. त्या हशात एक आवाज कमी होता, आणि तो तिच्याशिवाय कुणाला जाणवत नव्हता.