नववाच लिही

जयवंत राऊळ टेबलाखाली वाकले आणि प्लॅस्टिकच्या स्टिअरिंगचा स्क्रू त्यांनी आणखी एक पीळ आवळला. वरचं मेणकापड चुरगळलं. मनोरमाबाई बघत होत्या, पण आज काही बोलल्या नाहीत. एरवी त्या मेणकापडावरून दर रविवारी शब्दाला शब्द वाढायचा.

"किती झाले?" जयवंतांनी खालूनच विचारलं.

"चार पंचवीस."

"घड्याळ रेडिओला लावलंयस ना?"

"दुपारच्या बातम्यांना लावलं. तुम्ही वर या आधी, कमरेचं काही व्हायचं."

जयवंत वर आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी आरसा नीट करावा तसा मॉनिटर जरासा वळवला. ही एकतीस वर्षांची सवय. अर्नाळा आगारात ते एस.टी.चे ड्रायव्हर होते. जव्हारचा घाट पावसाळ्यात, धुक्यात, लग्नसराईच्या गर्दीत काढला, पण गाडीला कोणाचा ओरखडा नाही आणि कोणाला गाडीचा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला शोकेसमध्ये होता. निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगी क्षितिजा लग्न होऊन पुण्याला गेली, कॉम्प्युटर मागे राहिला, आणि जावयाने सासऱ्याची थट्टा म्हणून हे स्टिअरिंग पाठवलं. थट्टा जावयाच्याच अंगाशी आली. सासरे इंटरनेटवरच्या मोटार-शर्यतींच्या लीगमध्ये नाव घालून मोकळे झाले.

लीगमध्ये तीसेक जण होते. अंधेरी, मालाड, ठाणे, सगळी पंचविशीच्या आतबाहेरची पोरं. जो तो आपापल्या घरी बसायचा आणि रविवारी दुपारी सगळ्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावायच्या. ए डिव्हिजनमध्ये मुरलेले, बीमध्ये बरे, आणि सीमध्ये नवशिके. जयवंत सीमध्ये होते. वेगात ते कोणाला भारी नव्हते, पण वळणावर शेजारच्याला एका गाडीची जागा ठेवायची, मागचा खरंच वेगात असेल तर साईड द्यायची, कोणाला ढकलून पुढे जायचं नाही, हे लीगचे नियम पोरांना पाठ करावे लागत होते आणि यांच्या हाडातच होते. मोसमभर त्यांनी कोणाला धक्का मारला नव्हता. आज मोसमाची शेवटची शर्यत होती. तिसरे आले की बी डिव्हिजन पक्कं.

आणि तरीही त्यांच्या नावापुढे दोनदा 'अर्धवट सोडली' असं लिहिलेलं होतं. तिसऱ्यांदा लिहिलं गेलं की लीगमधून नाव बाद.

कारण सरळ होतं. चंदनसारला रविवारी पाचला वीज जायची. दोन हजार आठ साल होतं, विरारला वीज जाणं ही काही बातमी नव्हती. मुंबईच्या पोरांना मात्र भारनियमन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं. इनव्हर्टर घेऊनही उपयोग नव्हता, कारण इंटरनेटच्या केबलवाल्याचा डबा तळमजल्यावर जिन्याखाली होता आणि वीज गेली की तो डबाच मरायचा. मागच्या वेळी शर्यत लांबली आणि वीज गेली तेव्हा जयवंतांची गाडी ऐन वळणावर चारपाच सेकंद गोठून उभी राहिली, मग नाहीशी झाली. तेवढ्या वेळात मागून मालाडचा ग्लेन तिच्यावर आदळला, आणि ग्लेनवर आणखी तिघे.

ग्लेनने रात्री लीगच्या पानावर लिहिलं होतं, "एमएच-०४ काका हरायला लागले की वायर खेचतात."

एमएच-०४ हे जयवंतांनी तिथे घेतलेलं नाव. एकतीस वर्षांत ज्याच्यावर कोणी शेरा मारला नाही त्याच्यावर एका पोराने एका ओळीत मारला. सिद्धेश म्हणून अंधेरीचा मुलगा लीगचा मुख्य पंच होता. त्याने फोन करून सांगितलं, काका, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहा, विषय मिटेल. जयवंतांनी दोन ओळी लिहिल्या. 'चंदनसारला रविवारी पाचला वीज जाते. वायर मी खेचत नाही.' त्या ओळींखाली सतरा जणांनी हसून ठेवलं होतं.

साडेचार वाजले. पडद्यावर नऊ नावांची यादी आली, त्यातलं एक लाल होतं. ग्लेनचं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. मनोरमाबाईंनी तो लांब वायरीसकट आणून त्यांच्या कानाशी धरला.

"काका, सिद्धेश बोलतोय. ग्लेनचं नेट बसलंय. थोडं थांबावं लागेल."

"किती?"

"सुरू व्हायच्या आधी टेक्निकल प्रॉब्लेम असेल तर दहा मिनिटं थांबतो आपण. नियम आहे."

जयवंतांनी घड्याळाकडे पाहिलं. शर्यत पंचवीस मिनिटांची. साडेचारला सुटली असती तर पाचच्या आत संपली असती.

"आणि माझा प्रॉब्लेम पाचला येणार, त्याचं काय?"

"सुरू झाल्यावरचं नाही धरता येत, काका. सगळ्यांना एकच नियम." सिद्धेश जरा घुटमळला. "मी काय म्हणतो, आज बसूच नका तुम्ही. गैरहजर लिहितो. सीमध्येच राहाल, पण नाव तरी राहील. बसलात आणि लाईट गेली तर मला काढावं लागेल तुम्हाला. मलाही बरं नाही वाटणार."

"तुला बरं वाटावं म्हणून मी घरात लपून बसू?"

"तसं नाही हो काका."

"तसंच आहे. त्या ग्लेनसाठी आठजण थांबलेत, थांबू दे, माझं काही म्हणणं नाही. पण गाडी सुटायची वेळ झाल्यावर मी कधी खाली उतरलेलो नाही. आता तर मुळीच उतरत नाही. माझं नाव हिरवंच ठेव."

मनोरमाबाई फोन परत बाहेर ठेवून आल्या. त्यांना बी आणि सीतलं काही कळत नव्हतं, आणि म्हाताऱ्याने पोरांच्या खेळात पडावं हेही त्यांना पटलेलं नव्हतं. पण 'वायर खेचतात' हे त्यांना चांगलं कळलं होतं. त्या दिवशी भाजीवालीजवळही त्या तेच बोलल्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि घड्याळाखाली बसल्या.

"मी वेळ सांगते. तुम्ही समोर बघा."

चार अडतीसला शर्यत सुटली.

जयवंत सहावे होते. पहिल्याच वळणावर पुढचे दोघे एकमेकांवर घासले आणि गवतात गेले. यांनी लांबूनच अंदाज घेतला होता. पोरं ब्रेक उशिरा मारायची आणि त्यालाच हुशारी समजायची. घाटात उतरताना तुम्ही पुढच्याचा ब्रेक बघता की त्याचं डोकं, यावर सगळं असतं, असं जयवंत आगारातल्या नव्या ड्रायव्हरांना सांगायचे. पाचव्या फेरीला ते चौथे झाले. सातव्या फेरीला पुढच्याची गाडी वळणावर बाहेर वाहवली, आणि जयवंत आतून, त्याला पुरती जागा ठेवून, तिसरे झाले.

"चार त्रेपन्न," मनोरमाबाई म्हणाल्या.

मागे ग्लेन येऊन चिकटला. त्याच्यामागे आणखी पाच जण, एकाला लागून एक. ग्लेन आतून डोकावला, बाहेरून डोकावला. जयवंतांनी रस्ता सोडला नाही आणि गाडी आडवीही घातली नाही. एका वळणावर दोघे खांद्याला खांदा लावून गेले. ग्लेनने टेकायला बघितलं, पण जागा होती म्हणून टेकणं झालं नाही. जयवंतांना हसू आलं. पोरगा चांगला चालवत होता, फक्त त्याला घाई होती.

"चार सत्तावन्न."

पंख्याचा वारा मानेवर येत होता. जयवंतांनी एकदा वर पाहिलं. अजून तीन फेऱ्या उरल्या होत्या. म्हणजे पाच वाजून तीन मिनिटं. समोर लांब सरळ रस्ता होता, आणि त्याच्या शेवटी तेच वळण, जिथे मागच्या वेळी गाडी गोठली होती.

"अठ्ठावन्न," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. "कधी कधी पाच मिनिटं उशिरा पण जाते हो. त्या दिवशी नाही का, माझी चकली होईपर्यंत टिकली."

"आणि वेळेवर गेली तर?"

"गेली तर गेली. त्यांनी तुमच्यासाठी पाच मिनिटं काढली का? नाही ना? मग तुम्ही कशाला बघता त्यांचं?"

बरोबर होतं तिचं. पुढे चालवत राहिलो आणि वीज पाच मिनिटं टिकली, तर बी डिव्हिजन. नाही टिकली तर मागचे सहा जण आपल्या गोठलेल्या गाडीवर येतील. त्यातले दोघे आज मोसमाचे गुण जमवायला आले होते. त्यांनी काय घोडं मारलं होतं? आणि ब्रेक लागणार नाही हे ठाऊक असताना गाडी उतारावर घालायची, हे जयवंतांना या जन्मी जमण्यासारखं नव्हतं. राग होता, भरपूर होता. पण राग पोटात होता आणि स्टिअरिंग हातात.

त्यांनी पाय उचलला. गाडी डावीकडे घेतली, रस्ता सोडून पार गवतात, आणि उभी केली. ग्लेन गेला. त्याच्यामागे पाचही जण गेले. जयवंतांनी एका बोटाने टाईप केलं, 'साईडला थांबलोय. इथे वीज जाणार. जा पुढे.'

मनोरमाबाईंनी कपाळाला हात लावला.

पाच वाजले. दोघे पंख्याकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. पाच वाजून एक मिनिट झालं. पंखा फिरतच होता. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

"गेली नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "आजच मेली जायची राहिली."

जयवंतांनी चष्मा सदऱ्याला पुसला.

"किती फेऱ्या राहिल्या?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"तीन."

"मग बसलाय काय असे? चालवा ना."

त्यांनी मागे कोणी नाही हे बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. मागून पहिला आला, त्याला साईड दिली. दुसरा आला, त्याला दिली. पाच तीनला पहिला आला तो जिंकला, आणि त्यानंतर एकेक करून सगळे रेषा ओलांडून गेले. रस्त्यावर एकटे जयवंत उरले. पहिला आल्यावर पाच मिनिटांत सगळ्या फेऱ्या संपवल्या तरच 'पूर्ण' लिहीत. वीज कोणत्याही क्षणी गेली असती. आता गेली तरी कोणाला लागणार नव्हतं. त्यांनी मोसमात पहिल्यांदा गाडी मनासारखी पळवली. त्या वळणावरही त्यांनी ब्रेक उशिराच मारला, पोरांसारखा.

पाच सहाला त्यांनी रेषा ओलांडली. नववे. यादीत बाकीची आठही नावं अजून हिरवी होती. कोणी उठून गेलं नव्हतं.

बाहेर फोन वाजला. जयवंत या वेळी स्वतः उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटर आत तसाच चालू राहिला.

"काका, लाईट तर गेलीच नाही."

"नाही गेली."

"मग थांबलात कशाला? तिसरे होतात तुम्ही. मी तर तुमचं नाव बीमध्ये टाईप करून ठेवलं होतं."

"मागे सहा गाड्या होत्या."

मग सिद्धेश भराभर बोलायला लागला. "ऐका ना. आम्ही तिघे पंच बोललो. तुम्ही थांबलात तेव्हाचा नंबर धरतो. तिसरा. ग्लेनची पण हरकत नाही, त्यानेच सुचवलं."

"मी कितवा आलो?"

"आलात नववे, पण..."

"मग नववाच लिही. पुढे 'पूर्ण' लिही. ते मात्र विसरू नको."

"काका, बी डिव्हिजन जाईल तुमचं."

"बीमध्ये मी गाडी चालवत येईन. मला उचलून नका नेऊ. पुढच्या मोसमात येतो, बघू कोण अडवतो ते."

"बरं." सिद्धेशचा आवाज खाली आला होता. "आणि अजून एक. ग्लेन म्हणतो, ती मागची पोस्ट तो काढून टाकतो. वायरची."

"काढू नको म्हणावं."

"का?"

"आमच्या आगारात लॉगशीटवर खाडाखोड चालायची नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. राहू दे ते तिथेच, सगळ्यांना वाचू दे. त्याच्याखाली आजचं लिही, वेळेसकट."

सिद्धेश काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात वरचा पंखा मंदावला. आतल्या खोलीतून येणारा कॉम्प्युटरचा घूंऽऽ आवाज थांबला. जिन्यात कोणीतरी, गेली रे, असं ओरडलं. फोन मात्र चालू होता.

"काका?" सिद्धेश म्हणाला. "काका, तुमचं नाव यादीतून गेलं. आत्ता, माझ्यासमोर." तो थांबला. "तुम्ही तर माझ्याशी बोलताय."

"हो. बाहेरच्या खोलीत बसलोय. वायर आत आहे."

मनोरमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. जयवंतांनी त्यांच्याकडे पाहून भुवई उडवली. त्या आत गेल्या आणि घड्याळ बघून आल्या.

"पाच दहा," त्या म्हणाल्या.

"पाच दहा," जयवंतांनी फोनमध्ये सांगितलं. "तेही लिही."