सुन्नाच्या कमरेची सुरी

मी सुन्नाच्या कमरेला लटकणारी सुरी बोलतेय. मूठ बर्चच्या गाठीची, म्यान रेनडिअरच्या शिंगाचं. सुन्नाच्या पणजोबांनी एका हिवाळ्यात मला घडवलं आणि आपल्या लेकीला, राव्नाला दिलं. माझं काम एकच: उन्हाळ्यात रेनडिअरच्या पाडसांच्या कानांवर मालकाची खूण कापणं. नॉर्वेच्या उत्तरेला रेनडिअर पाळणाऱ्या आमच्या सामी लोकांत प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती कागदावर नंतर चढते, आधी लोकांच्या डोळ्यांत असते.

राव्नाचे हात थरथरू लागले तेव्हा मी तिच्या नातीकडे, सुन्नाकडे आले. सुन्ना शिकायला शहरात गेली आणि मी दोन वर्षं मासे कापणाऱ्या सुऱ्यांसोबत खणात पडून राहिले. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

मग सुन्ना परतली आणि आमच्या गावात, कौतोकेइनोला, सिनेमावाले आले; त्यांनी तिलाच भूमिका दिली. राव्नाआजीला सिनेमाचं नाव काढलेलं चालत नसे. तरुणपणी तिनं एक पाहिला होता. त्यात दक्षिणेकडची माणसं आमचे कपडे घालून, दारू पिऊन झिंगत होती आणि अख्खं थिएटर हसत होतं. त्यानंतर तिनं थिएटरची पायरी चढली नाही.

"या वेळी मीच आहे ना त्यात," सुन्ना तिला म्हणाली. "आपलं खरं तेच दाखवणार."

"बघू," आजी म्हणाली.

खुणेचं दृश्य कुंपणात होतं. पाडस सुन्नाचंच, मी तिच्या हातात. दिग्दर्शक म्हणाला, "कानाचं टोक सरळ कापून टाक. मोठा काप हवा. तुझे बारीक काप कुणाला दिसणार?"

सुन्ना थांबली. "ती खूण आमच्या शेजारच्या नीलासकाकांची आहे. ती कापली की पाडस त्यांचं. वर पडद्यावर मी त्याला माझं म्हणू? म्हणजे सगळ्या गावासमोर मी चोर!"

"अगं, सिनेमा आहे हा! ऑस्लोत कोण कान बघतंय?"

"इथले बघतात."

दिग्दर्शकाचा पारा चढला. "तुला जमत नसेल तर दुसरी मुलगी आणतो. ऑस्लोत नट्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

सुन्नाचा चेहरा उतरला. ही भूमिका तिला जिवापाड हवी होती. तिची बोटं माझ्या मुठीवर घामेजली. तरी तिनं मला पुसलं आणि सरळ म्यानात घातलं. तिचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

"आणा," ती म्हणाली. "पण सुरी माझी, पाडसही माझं."

"आणि कुंपण माझं!" मिक्कलमामा फाटकाकडे चालू लागले. "सोडू का कळप? मग काय उरेल तुमच्याकडे? नुसते कपडे न् टोप्या?"

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही. त्यानं एकदा कळपाकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. शेवटी म्हणाला, "बरं बाई, तुझी खूण दाखव. कॅमेरा मी जवळ आणतो."

तीन काप. अर्धं मिनिटही लागलं नाही. पाडस कान झटकत आईकडे पळालं.

सिनेमा गावच्या सभागृहात लागला. आजी आली, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसली, उठून जाता यावं म्हणून. मी सुन्नाच्या कमरेला होतेच. पडद्यावर कान आला, हा एवढा मोठा. ऑस्लोत या दृश्याला म्हणे शांतता होती. इथं मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तर सुन्नाचं!"

"राव्नाच्या नातीचं!"

"तिसरा काप जरा तिरका गेलाय!" हे नीलासकाका.

"तुझे डोळे तिरके!" दाराजवळून आजी कडाडली. सभागृह हसलं, या वेळी आम्ही आमच्याच माणसांत हसत होतो. आजी शेवटपर्यंत उठली नाही.

धार लावून लावून आता मी निम्मी झालेय, पण दर उन्हाळ्यात कामावर असते. आमच्या गोष्टी सांगायला खुशाल या, कुंपणाचं फाटक उघडंच आहे. फक्त कॅमेरा लावण्याआधी आमच्यात बसून एवढं शिका, कुठलं पाडस कुणाचं.