भुरीचं शेवटचं पान

कराडला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या मेसमधल्या भिंतीवर दर सोमवारी माझं कॉमिक लागायचं. त्याची नायिका भुरी नावाची मेंढी. ती म्हसवडहून एसटीनं कॉलेजला येते, वर्कशॉपमध्ये कानस घासते आणि तोंडी परीक्षेला सरांची प्रश्नपत्रिकाच खाऊन टाकते. चित्रं मी काढायची, शाई पल्लवीनं फिरवायची. पल्लवी फलटणच्या ऊसवाल्यांची लेक. तिच्या हातून मेंढीची शेळी झाली की मी तिचा उद्धार करायचे, आणि ती खुशाल हसायची. मुली ताट वाढून घ्यायच्या आधी भुरी बघायला जायच्या. तेवढा मान मला पुढे कुठल्याच कंपनीत मिळाला नाही.

शेवटच्या वर्षी बंगळुरूची नोकरी लागली आणि माझी पाचावर धारण बसली. पोरगी शिकून म्हसवडलाच येणार, असं आई गावभर सांगून बसली होती. माझी आई तानुबाई. मेंढरांमागं तिनं अर्धा मुलूख पालथा घातलेला, पण माझी तिला फार काळजी. तोंडानं सांगायची माझी छाती होईना, म्हणून ते काम मी भुरीवर ढकललं.

शेवटच्या पानात एकही शब्द घातला नाही, कारण आईला वाचता येत नाही. पहिल्या चौकटीत भुरी आईला बिलगून उभी. मग माळ, एसटी, कृष्णेचा पूल, कॉलेज. आणि शेवटच्या चौकटीत उंच उंच इमारतींमध्ये ती एकटी.

तेव्हा आमची मेंढरं कराडजवळच एका तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी बसवली होती. आई भाकरी घेऊन होस्टेलवर आली. मी तिला भिंतीपाशी नेलं आणि म्हटलं, "आय, ह्ये बघ."

तिनं बोट ठेवलं ते थेट शेवटच्या चौकटीवर. तिथून एकेक चित्र न्याहाळत ती उलटी मागं सरकली आणि पहिल्या चौकटीशी थांबली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आलं गं घरला."

शेजारी उभ्या पल्लवीला हसू फुटलं. मी तिला चिमटा काढला.

"आय, तू उलटं बघितलंस. ती घरातनं निघालीया."

"उलटं कसं? हरवल्यालं मेंढरू जितं शेवटचं दिसलं, तितनंच माग काढायचा असतुया." एवढं बोलून तिनं पुन्हा चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लय लांब हाय व्हय?"

"बंगळूरला."

"कवा जायाचं?"

"जुलैत."

ती पायरीवर बसली. फडकं सोडून भाकरी माझ्या हातात दिली. मी रडत रडत खाल्ली. ती मात्र रडली नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता.

उठताना म्हणाली, "ते कागुद मला दे. तू तिकडनं जा. मी हिकडनं बघीन."

ते पान आता म्हसवडच्या घरात काचेत लावलंय. मेंढरं थोडीच राहिलीत. गेल्या दिवाळीत मी पोचले तेव्हा आई शेजारच्या रंगूबाईला ते दाखवत होती. दोघींची पाठ माझ्याकडे. मी दारातच थांबले. आईचं बोट इमारतींवरून निघालं, पूल, एसटी, माळ करत पहिल्या चौकटीवर आलं.

"आन् आली घरला," ती म्हणाली, आणि मागं न बघता मला म्हणाली, "पाय धू."