खुर्चीवरचा रामजन्म

या, जरा पुढे सरकून बसा. पाय आखडले असतील तर खुशाल पसरा, देव रागवत नाही. आमच्या थळच्या कल्पिताची गोष्ट सांगते, ऐकून बरं वाटेल.

कल्पिता कीर्तनकार. यंदा अंबाजीबुवांनी, म्हणजे तिच्या गुरूंनी, रामनवमीचं कीर्तन पहिल्यांदाच तिच्या हाती सोपवलं होतं. पण महाशिवरात्रीला देवळात आख्यान ऐन रंगात आलेलं असताना तिनं गिरकी घेतली आणि पाऊल सतरंजीच्या चुणीत अडकलं. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. गुडघ्यात कटकन वाजलं. मग पाय सरळच होईना.

अलिबागच्या डॉक्टर अनुयांनी एमआरआय बघून समजावलं, "दोन हाडांच्या मध्ये दणके सोसणारी कूर्चेची चकती असते. ती फाटून तुकडा सांध्यात अडकलाय. दुर्बिणीतून तो कापून टाकला तर लवकर हिंडायला लागाल. पण फाट कडेला आहे, तिथं रक्त पोचतं. टाके घातले तर चकती भरून येऊ शकते. मग मात्र कुबड्या, पट्टा, व्यायाम; आणि गिरकी बरेच महिने नाही."

"कापाच," कल्पिता म्हणाली. "रामनवमी तोंडावर हाय."

सासू सोनूबाई शेजारीच बसलेल्या. "डॉक्टरीणबाई, हिच्या जिभेला पन दोन टाके घाला. कुनाचं ऐकत न्हाय."

डॉक्टर हसल्या. "एक दिवस विचार करा," म्हणाल्या.

संध्याकाळी अंबाजीबुवा काठी टेकत तिच्या घरी आले. मी तिथंच होते. त्यांनी धोतर वर करून आपला वाकडा, सुजलेला गुडघा दाखवला.

"माझी चकती तरुणपणी अख्खीच काढली. तेव्हा तीच रीत होती. मी पण खूश, लगेच नाचायला मोकळा! पुढे हाडावर हाड घासायला लागलं. पोरी, तुला एक रामनवमी पायजे का जन्मभराच्या?"

कल्पिताचे डोळे भरले. "मग यंदा रामजन्म कोन करील?"

"मी."

"उभं कसं ऱ्हानार, बुवा?"

"बसून."

आता खरं सांगते, मलाही ते रुचलं नाही. कीर्तन उभ्यानं करायचं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. गावातही कुजबुज झाली. पण सोनूबाईंनी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना गप्प केलं, "राम जन्मतो तवा पाळन्यात निजूनच असतो ना? मग बुवा बसला तर कुनाचं काय बिघडलं?"

टाके घातले गेले.

रामनवमीला प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल टाकून बुवा बसले. कल्पिता समोर, पट्टा बांधलेला पाय लांब करून. बुवांचा आवाज थोडा थकलेला, पण कौसल्येचं वर्णन करू लागले नि आम्ही खुर्ची विसरलो. दुपारी बाराला ते थांबले, चिपळ्या तिच्याकडे धरल्या. "पाळणा तू म्हण."

ती बसल्या जागेवरून गायली. गुलाल उडाला. सोनूबाईंनी सुंठवडा वाटताना सुनेला दोनदा दिला आणि काही केलंच नाही असं दाखवलं.

गुडघा छान भरून आला. दत्तजयंतीला कल्पिता उभी राहिली, गिरकीही घेतली. बुवा पुढच्या रांगेत बसून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

कधी थळला तिचं कीर्तन ऐकायला आलात, तर तिच्या पाया पडताना आमच्या अंबाजीबुवांची आठवण तेवढी काढा.