क्रेलचा दुसरा आवाज

एमेट क्रेल हा काही मोठा नट नव्हता. पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकन सिनेमांत त्याचं नाव तळाशी, बारीक अक्षरात यायचं. कधी शेरीफ, कधी दारुडा डॉक्टर, कधी खुनी, कधी पाद्री. टीव्हीवरच्या एका कौटुंबिक मालिकेत तीन वर्षं तो शेजारचा काका होता. विभा देवस्थळीने त्याचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. जुने सिनेमे दाखवणाऱ्या एका जपानी चॅनेलचं काम टोकियोच्या तोयोसु भागातल्या तिच्या कंपनीला मिळालं, आणि क्रेल तिच्या वाट्याला आला.

चॅनेलकडे जपानीत डब केलेल्या सिनेमांचा आणि मालिकांचा मोठा साठा होता, पण कशात कोण नट आहे याच्या नोंदी अर्धवट होत्या. विभाच्या टीमने चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम लावला. क्रेलपाशी तो सारखा चुकायचा. दाढी, टक्कल, चष्मा. दर भूमिकेत माणूस निराळाच. शेवटी विभाने आवाज जुळवून पाहिले, आणि एका दुपारी एकेचाळीस भूमिका एकाच माणसाच्या म्हणून समोर आल्या. मग तिला स्वतःचंच हसू आलं. सापडलेला माणूस क्रेल नव्हताच. बावीस वर्षं त्याला जपानी आवाज देणारा माणूस होता तो. जुन्या करारपत्रांत त्याचं नाव मिळालं, ओनोदेरा.

बेचाळिसावी भूमिका मात्र जुळेना. १९६८ चा एक युद्धपट होता, जपानी टीव्हीवर १९७१ मध्ये दाखवलेला. चेहरा क्रेलचाच, एव्हाना विभाला तो कुठल्याही वेषात ओळखू यायचा. आवाज दुसऱ्याचा.

"मिसमॅच टाक आणि तिकीट क्लोज कर," टीम लीड अंबरीष म्हणाला. "त्या दिवशी आजारी असेल तो."

"बावीस वर्षांत एकदाच?"

"विभा, अजून सहाशे फायली आहेत."

तिने तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, बंद केलं नाही. ओनोदेरा अजून हयात होते, एकोणनव्वद वर्षांचे, मिनामी-सुनामाचीत एकटे राहणारे. विभाच्या हिगाशी-कसाईच्या घरापासून मेट्रोने दोन स्टेशनं. तिने फोन केला, आणि शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

दार उघडणारा माणूस तिच्या खांद्याएवढा होता. पण "या, जिना चढून दमला असाल," असं तो म्हणाला आणि ती क्षणभर गोंधळलीच. तो आवाज तिने एकेचाळीस माणसांच्या तोंडून ऐकला होता.

त्यांनी बार्लीचा गार चहा दिला आणि क्रेलबद्दल अगदी जवळच्या माणसासारखं बोलत राहिले. भेट कधीच झाली नव्हती. "एका कानात त्याचा आवाज आणि समोर त्याचं तोंड, एवढीच आमची ओळख. पण वाक्याआधी तो नाकाने श्वास घ्यायचा. त्याच्या पात्राला खोटं बोलायचं असलं, की आवंढा गिळायचा. दिग्दर्शकाच्याही लक्षात येत नसेल. मला यायचं, कारण माझा आवंढा त्याच्याबरोबर पडायला हवा ना."

विभाने बेचाळिसाव्या भूमिकेचं विचारलं.

"त्यात तो अमेरिकन कर्नल आहे," ते म्हणाले. "नकाशावर टोकियो दाखवतो आणि वैमानिकांना सांगतो, इथे सगळी घरं लाकडाची आहेत, लवकर पेटतील. मग सगळे हसतात. मी संहिता वाचली, टेबलावर ठेवली आणि घरी निघून आलो." त्यांनी खिडकीबाहेर हात केला. "आमचं घर इथेच होतं, त्या कालव्यापलीकडे. पंचेचाळीसचा मार्च, बाँबहल्ल्याची रात्र. मी नऊ वर्षांचा. आई आणि धाकटी बहीण सापडल्याच नाहीत."

विभाने कालव्याकडे पाहिलं. ते पुढे बोलू लागले.

"पाच महिने मला काम मिळालं नाही. बायकोला दिवस गेले होते. पण राग त्याचा नव्हता, क्रेलचा होता. या माणसाने हे काम घेतलंच कसं? जणू विमान त्यानेच चालवलं होतं! आणि त्याहून जास्त राग कुरोकीचा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने ती भूमिका घेतली. मला सांगायला घरी आला होता. मी दारात उभा राहिलो, पण त्याला आत बोलावलं नाही. त्यानंतर स्टुडिओत समोरासमोर आलो तरी बोललो नाही. नऊ वर्षांपूर्वी वारला."

"तुम्ही तो सिनेमा पाहिलाय?"

"नाही." मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "त्यात आहे का?"

विभाने तो प्रसंग लावला. आधी मूळ इंग्रजीत. कर्नल छडी घेऊन नकाशापाशी उभा राहिला. ओनोदेरांचे ओठ नकळत हलत होते. वाक्य आलं, हशा झाला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा.

"गिळला," ते हळूच म्हणाले. "वाक्याआधी आवंढा गिळला त्याने."

"म्हणजे त्याला ते बोलायचं नव्हतं?"

"ते कसं सांगू? कर्नलला बोलायचं नसेल, नाहीतर क्रेलला. किंवा त्या दिवशी घसा कोरडा असेल. पण गिळला."

कुरोकीचा आवाज ऐकायला त्यांनी त्या दिवशी नकार दिला. निघताना मात्र दारात विचारलं, "विभा-सान, ही भूमिका मी आता केली तर?"

सोमवारी विभाने हे ऑफिसात सांगितलं आणि गोष्ट तिच्या हातातून सुटलीच. अंबरीषने चॅनेलला मेल केला. चॅनेलवाले हरखून गेले. चोपन्न वर्षांनी मूळ आवाज परत! जाहिरात करू, मुलाखत घेऊ. पुढच्या गुरुवारी ओनोदेरा सूट घालून तोयोसुला आले. ट्रेनिंगचे व्हिडिओ रेकॉर्ड करायच्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं. त्यांनी ते वाक्य चार वेळा म्हटलं. पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा फार कठोर झाला. चौथ्यांदा आवंढा बरोबर क्रेलच्या आवंढ्यावर पडला. काचेपलीकडे अंबरीषने अंगठा वर केला.

"आता कुरोकीचं लावा," ओनोदेरा म्हणाले.

विभाने लावलं. कुरोकीनेही आवंढा गिळला होता, बरोबर त्याच जागी. ते त्याला कोणी शिकवलं हे उघड होतं. पण 'लवकर पेटतील' हे शब्द त्याने जवळजवळ पुटपुटले होते. आपलं बोलणं कोणी ऐकू नये अशी इच्छा असलेल्या माणसासारखे. त्यामुळे नंतरचा हशा ऐकवत नव्हता.

ओनोदेरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"माझ्यात राग ऐकू येतो," ते म्हणाले. "चोपन्न वर्षांचा राग. कर्नलला कशाला राग येईल? याने बरोबर केलं. मी नाही म्हणालो, त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण कुणाला तरी हे करावं लागणारच होतं, आणि त्याने नीट केलं. याचंच ठेवा."

"पण चॅनेलने अनाउन्स..." अंबरीष मराठीत विभाला म्हणाला.

"मी सांगते त्यांना."

"क्लायंट चिडेल गं."

"चिडू दे."

सहा वर्षांत तिने एकाही क्लायंटला नाही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तिने सांगितलं, की ओनोदेरा-सान यांची परवानगी नाही, त्यामुळे नवं रेकॉर्डिंग वापरता येणार नाही. चॅनेलच्या बाईंनी दोनदा विचारलं, तिने दोनदा तेच सांगितलं. पुढचा टप्पा आपल्या कंपनीला मिळाला नाही तर त्याचं कारण हेच असेल, असं अंबरीष नंतर म्हणाला. तो टप्पा खरंच मिळाला नाही. कारण काय ते कोणी कळवलं नाही.

सिनेमा नोव्हेंबरात जुन्याच आवाजात लागला. ओनोदेरांच्या सांगण्यावरून विभाने नोंदीत कुरोकीचं पूर्ण नाव घातलं होतं. १९७१ मध्ये ते पडद्यावर आलंच नव्हतं. ओनोदेरांनी सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी विभाला फोन केला. चिबाला राहणाऱ्या कुरोकीच्या बायकोचा नंबर मिळेल का, म्हणून. विभाने मिळवून दिला.

पुढच्या आठवड्यात ती त्यांच्याकडे गेली तेव्हा तिने विचारलं, "बोललात?"

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "माफी मागायला दोन मिनिटं लागली. उरलेली अठरा आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो. तिचा डावा जास्त दुखतो." मग ते चहा आणायला उठले.