गौराबाईंच्या खऱ्या चिठ्ठ्या

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत गौराबाईंचं वधूवर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट आणि स्वतः गौराबाई. कोर्टात तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढल्यामुळं बाईंना एक सवय लागलेली. समोर कागद आला की अक्षर न् अक्षर टाईप करायचं, अर्थाच्या वाटेला जायचं नाही.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात अमरेश बसायचा आणि वेबसाईट बनवायचा. हे २००९ सालचं. तेव्हा एखाद्याला वेबसाईटवरचा नुसता फोन नंबर बदलायचा असला तरी बाकीचे लोक "डेटाबेसला हात लावाय लागतोय, पुण्याचा माणूस बोलवू" म्हणायचे. अमरेशनं डेटाबेसच उडवून लावला आणि 'कप्पा' नावाची भानगड तयार केली. एका माणसाचं एक फोल्डर. त्यात फोटो टाका, मजकुराच्या फायली टाका, सर्व्हरवर चढवा, झालं पान. आत जे जे असेल ते ते दिसणार. पुण्याचा माणूस पुण्यात.

"अक्का, तुमच्या कपाटातल्या पाकिटात जसं हाय, तसंच्या तसं फोल्डरात टाकायचं. डोकं चालवायचंच न्हाय," अमरेश म्हणाला.

"मग जमतंय की," गौराबाई म्हणाल्या.

अमरेशला घाई होती. कपाटात एक पाकीट कुरुंदवाडच्या दानेश्वरीचं होतं. शाळेत गणित शिकवायची. तिचा फोटो बघितल्यापासून अमरेश स्वतःचं पाकीट रोज गुपचूप गठ्ठ्यात सगळ्यात वर आणून ठेवायचा. शेवटी तिच्या वडलांचा, बाळाप्पांचा, निरोप आला, "मुलगा कम्प्युटरवाला हाय न्हवं? मग आधी कम्प्युटरवर बघतो. पटलं तर रविवारी पोरीला घेऊन येतो."

शनिवारी सकाळी इचलकरंजीहून एका बाईंचा फोन आला. अमरेशनं उचलला.

"माझा पोरगा घोराय लागला की शेडातला यंत्रमाग ऐकू येत न्हाय, हे जगाला कुणी सांगितलं ओ?"

अमरेशनं वेबसाईट उघडली. पाकिटात दोन कागद असायचे. एक घरच्यांनी दिलेला बायोडाटा. दुसरी गौराबाईंची स्वतःची चिठ्ठी, त्यांनी आजूबाजूला केलेल्या चौकशीची. ती आजवर कपाटाबाहेर गेली नव्हती. बाईंनी दोन्ही टाईप केले, दोन्ही फोल्डरात टाकले, आणि कप्प्यानं दोन्ही इमानदारीत दाखवले.

"मुलगा निर्व्यसनी. मावा फक्त घराबाहेर खातो."

"मुलगी सुगरण. भाकरी शेजारच्या शालूबाई करून देतात."

"मुलगा अबोल. बोलायला आई आहे."

"अक्का, ह्या चिठ्ठ्या कशाला टाकल्यासा?"

"तूच म्हणालास की, तसंच्या तसं. डोकं चालवू नका."

अमरेशनं स्वतःचं पान उघडलं. "मुलगा गुणी. स्वतःची कंपनी आहे म्हणतो. कंपनीत हा एकटाच. टेबल माझं. उंची पाच-सात लिहिली आहे, कपाटाला टेकवून मोजली, पाच-पाच भरली. कुरुंदवाडच्या मुलीचा फोटो दिवसातून चार वेळा काढून बघतो."

"अक्का!"

"खोटं हाय काय?"

तेवढ्यात लाईट गेली.

अमरेश सायकल घेऊन राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत गेला. तिथं लाईट होती. प्रत्येक फोल्डरात दोन फायली दिसल्या, एक 'जाहिरात', एक 'माहिती'. वेळ थोडा होता. 'माहिती' म्हणजे बायोडाटाच असणार, आणि जाहिराती कोण ठेवतंय, म्हणून त्यानं त्या सगळ्या उडवल्या, कपाळाचा घाम पुसला आणि पान परत उघडलं.

गौराबाईंनी घरच्यांच्या बायोडाटाला 'जाहिरात' म्हटलं होतं. आणि स्वतःच्या चिठ्ठीला 'माहिती'.

आता सगळ्या वेबसाईटवर खऱ्याशिवाय काहीच उरलं नव्हतं. अमरेशनं माऊसला हात घातला आणि राजारामपुरीची लाईट गेली.

तो परत आला तर केंद्रातला फोन थांबत नव्हता. गौराबाई रिसीव्हर खांद्यात धरून हसत होत्या. "व्हय, व्हय... मावा घराबाहेरच. घरात न्हाय खात... चालतंय? घ्या मग पत्ता लिहून." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सकाळपासनं अकरा स्थळं विचारल्यात. दोघींनी शिव्या दिल्या, पण पत्ता घेऊनच फोन ठेवला."

"माझं कुणी विचारलं?"

"तुझं न्हाय."

रविवारी दहाला बाळाप्पा आले. मागं दानेश्वरी. बाळाप्पांनी बसायच्या आधीच खिशातनं प्रिंट काढली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. कंपनी झाली, टेबल झालं, उंची झाली.

"पावणं, ह्यातलं खरं किती?"

"उंचीचं खरं हाय," अमरेश म्हणाला. "टेबलाचंबी."

"आणि माझ्या पोरीचा फोटो दिवसातनं चार वेळा बघतोस, ते?"

"ते खोटं हाय."

बाळाप्पांच्या मिशा ताठ झाल्या.

"चार न्हाय," अमरेश जमिनीकडं बघत म्हणाला. "किती, ते मोजायचं सोडलंय."

दानेश्वरी खिडकीबाहेर बघायला लागली. बाळाप्पा खाकरले आणि गौराबाईंकडं वळले. "ते ऱ्हाऊ दे. आधी माझ्या पोरीचं काय लिवलंयसा ते काढा. 'मुलगी गणित शिकवते चौथी ब ला, पाठ होतं चौथी अ ला.' असला आवाज वाचून कोण करंल हिला?"

"ऱ्हाऊ द्या, अप्पा," दानेश्वरी म्हणाली, आणि कपाटावरचा डबा हलला. "ज्याला चालंल त्योच यील."

"मला चालतंय!" अमरेश ओरडला.

बाळाप्पांनी टोपी काढली, परत घातली. "असं एकदम कसं? जोतिबाला जाऊन यिऊ. देवाला विचारू."

"देवाला कशाला तरास?" दानेश्वरी म्हणाली. "मला विचारा की. मी हितं बसलीया."

"बरं. मग?"

"व्हय."

अमरेश ताडकन उठला, कशाला उठलो ते आठवेना म्हणून बसला, आणि परत उठला.

"अक्का," बाळाप्पा म्हणाले, "जावयाला जरा पाणी द्या."