वर्षाचं तिखट

डेट्रॉइटच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने उपासनाचं ग्रीन कार्ड हातात घेतलं. कार्ड रिन्यू करायचा अर्ज टाकलेला, फार काळ अमेरिकेबाहेर राहिलं की ते रद्द व्हायची भीती, आणि गेली तीन वर्षं ती ॲन आर्बरच्या घरापेक्षा नागपुरात, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशीच जास्त राहिलेली.

"तुम्ही इथे राहता, की नुसत्या येऊन जाता?" त्याने विचारलं.

"इथेच राहते. नवरा इथे आहे, नोकरी..." नोकरी कधीच सुटली होती.

त्याने तिला आतल्या खोलीत नेऊन बॅग उघडायला लावली. वर नवऱ्याचे कुर्ते आणि खाली लाल तिखटाची भलीमोठी पिशवी. एरवी आई मुद्दाम डबीभरच तिखट द्यायची. संपलं की पोरगी परत येईल, हा तिचा हिशेब. यंदा मात्र शेजारणीला मिरच्या कांडायला पिटाळून तिने एवढं करून घेतलं होतं. निघताना बॅगेच्या वजनावरून उपासना आईवर खेकसलीही होती.

"हे विकायला आणलंत?"

"छे हो! घरात लागतं. आमच्याकडे वर्षाचं एकदम करून ठेवतात."

"म्हणजे आता वर्षभर इथून हलणार नाही?"

उपासनाने पिशवीकडे पाहिलं. "नाही हलणार," ती म्हणाली, आणि आईने यंदा डबी का दिली नाही, ते तिला तेव्हा कळलं.

अधिकाऱ्याने कार्ड परत दिलं. "वेलकम होम."

उपासनाला ती पिशवी उचलवेना.